खासदार कुणाचा?

आमच्या गावापासून अर्ध्या कोसावर एक वाडी आहे. चाळीसेक उंबरे असतील. काही वर्षांपूर्वी वाडी आणि तिचे शिवार यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग गेला. रस्ता रुंद झाला, उंच झाला. मोटारी भरधाव जाऊ लागल्या. पण वाडीची शेतावर जायची वाट बंद झाली. बैलगाडी न्यायची तर कोसभर वळसा. पोरे शाळेला निघाली की आयांचा जीव टांगणीला.

एके दिवशी वाडीतले एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, जावं कुणाकडं? ग्रामपंचायत म्हणते, रस्ता आमचा न्हाई. तालुक्याला गेलो, तर म्हणतात हे दिल्लीचं काम.”

आम्ही म्हणालो, “मग आपल्या खासदारांकडे जा. दिल्लीच्या कामासाठीच तर ते आहेत.”

म्हातारबाबा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “कोणत्या तोंडानं जावं? आमच्या वाडीनं त्यांना मत दिलं न्हाई. मोजणीत केंद्राचे आकडे निघतात. समद्यांना ठाऊक झालंय.”

वाचकहो, हा प्रश्न एका वाडीचा नाही. म्हणून खासदार म्हणजे कोण, तो काय करतो आणि तो कुणाचा, हे आज आपण नीट समजून घेऊ.

संसद म्हणजे काय?

आपल्या देशाचे कायदे दिल्लीला संसदेत होतात. राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा मिळून संसद होते. लोकसभा आणि राज्यसभा ही तिची दोन सभागृहे.

लोकसभेचे सभासद आपण थेट मत देऊन निवडतो. २०२४ च्या निवडणुकीत अशा ५४३ जागा होत्या. त्यांत महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या २. लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते. तिथे उभे राहायला वय निदान २५ लागते. मत द्यायला १८ पुरे. पूर्वी मतासाठी २१ वर्षे लागत. १९८९ साली ती अट १८ वर आली.

राज्यसभेचे बहुतेक सभासद राज्यांचे आमदार निवडतात. एकूण २४५ जागांपैकी १२ सभासद राष्ट्रपती नेमतात. साहित्य, शास्त्र, कला, समाजसेवा यांतली ही जाणती माणसे असतात. राज्यसभा एकदम बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली लोकसभेच्या निवडणुकीत पडले. पण त्याच साली मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले.

सभा म्हटली की ती चालवणारा हवा. लोकसभेत हे काम अध्यक्ष करतात. १९५२ साली पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मराठी, पण ते निवडून आले अहमदाबादेतून. अध्यक्ष एका पक्षातून आला, तरी खुर्चीवर बसला की त्याने दोन्ही बाजूंना सारखे बोलू द्यावे, अशी रीत आहे. तो एरवी मतही देत नाही. दोन्हीकडे मते समसमान पडली, तरच देतो. राज्यसभेत सभापतीचे काम उपराष्ट्रपती पाहतात.

संसद कोणती कामे करते?

पहिले काम कायदे करणे. एक उदाहरण घेऊ. सरकारी कचेरीतले कागद पाहायला मागण्याचा हक्क आज आपल्याला आहे. महाराष्ट्राने असा कायदा २००२ साली केला होता. मग साऱ्या देशासाठी कायद्याचा मसुदा डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडला गेला. अशा मसुद्याला विधेयक म्हणतात. सभासदांच्या समितीने ते तपासले. ११ मे २००५ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ते मंजूर केले. १५ जूनला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा पूर्ण लागू झाला. धान्य जसे पाखडून, निवडून मग जात्यात घालायचे, तसेच हे.

दुसरे काम तिजोरीवर लक्ष ठेवणे. आपण काड्यापेटी घेतली तरी तिच्या किमतीत कर असतो. म्हणजे तिजोरीत गरिबाचाही पैसा आहे. कायद्याशिवाय कर बसवता येत नाही, आणि संसदेच्या मंजुरीवाचून केंद्र सरकारला तिजोरीतून खर्च करता येत नाही. पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द लोकसभेचा, कारण ती लोकांनी थेट निवडलेली असते.

तिसरे काम सरकारला जाब विचारणे. घरात थोरला मुलगा कारभार पाहतो, पण हिशेब साऱ्या घरापुढे ठेवतो. तसे मंत्रिमंडळ हे कारभारी आहे. त्याने लोकसभेला उत्तर द्यायचे असते. प्रश्नोत्तराच्या तासाला सभासद विचारतात आणि मंत्री सांगतात. लोकसभेचा विश्वास उडाला, तर सरकारला पायउतार व्हावे लागते. १७ एप्रिल १९९९ रोजी असेच झाले. विश्वासाच्या ठरावाला २६९ मते पडली, विरुद्ध २७० पडली. एका मताने देशाचे सरकार गेले! ‘माझ्या एका मतानं काय होतंय?’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मग खासदार कुणाचा?

२०२४ साली देशाच्या यादीत सुमारे ९७ कोटी मतदार होते. म्हणजे एका खासदारामागे सरासरी अठरा लाखांच्या आसपास. कुणी त्याला मत दिले, कुणी दिले नाही, कुणी घरीच बसले. शिवाय लहान मुलांना तर मतच नाही. पण निकाल लागला की तो या साऱ्यांचा खासदार होतो. घटनेत ‘मत दिलेल्यांचा खासदार’ असा वेगळा कुणी नाही.

तो साऱ्या देशाचाही आहे. आपल्या भागाचे गाऱ्हाणे त्याने मांडावे, पण कायदा करताना आसामच्या आणि केरळच्या माणसाचाही विचार करावा. त्याला पक्षाचेही बंधन असते. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर त्याचे सभासदत्व जाऊ शकते. हा नियम १९८५ पासून आहे. पण गावाचे गाऱ्हाणे ऐकू नको, असे कोणताही नियम सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. खासदार निधीतून खासदार कामे सुचवतो. काम मंजूर करून घेणे जिल्हा प्रशासनाकडे असते. तो पैसा खासदाराच्या खिशातला नसतो, आपलाच असतो. म्हणून त्याच्याशी अदबीने बोलावे, पण पदर पसरू नये. आणि मत गुप्त असते. आकडे केंद्राचे कळतात, माणसाचे मत कळत नाही.

हे सारे आम्ही म्हातारबाबांना सांगितले. त्यांना ते पटायला दोन दिवस लागले. मग वाडी जमली. अर्ज मराठीतच लिहिला. खाली सह्या घेतल्या. आमच्या रात्रीच्या वर्गात येणाऱ्या सात बायांनी शाईचा डबा बाजूला सारून आपापल्या नावाची सही केली.

खासदारांनी अर्ज वाचला. मत कुणाला दिले, हे त्यांनी विचारले नाही. “कोणत्या किलोमीटरच्या दगडापाशी वाट बंद झाली?” एवढेच विचारले. ते कुणाला सांगता येईना! मग एक पोरगा सायकलवर जाऊन दगडावरचा आकडा वाचून आला. पुढे सभागृहात प्रश्न गेला, साहेब लोक येऊन मोजणी करून गेले. काम लगेच झाले नाही. दोन पावसाळे गेले, अर्जाची आठवण तीनदा द्यावी लागली. आज रस्त्याखालून बैलगाडी जाईल एवढी वाट आहे.

म्हातारबाबा आता म्हणतात, “गुरुजी, आधीच गेलो असतो तर दोन वरसं वाचली असती.”

खरे आहे. मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवू घालत नाही. तेव्हा काम कुणाच्या हातातले, हे आधी ओळखावे. गावच्या नळाला ग्रामपंचायत, राज्याच्या कायद्याला आमदार, दिल्लीच्या कामाला खासदार. अर्ज लेखी द्यावा, जागा व तारीख लिहावी, एक प्रत जवळ ठेवावी आणि पोच घ्यावी. आता तुम्हाला लिहिता येते. मग दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला पाहायचे?

प्रश्न

१. संसदेची दोन सभागृहे कोणती?
२. पैशाच्या बाबतीत लोकसभेचा शब्द शेवटचा का?
३. वाडीची माणसे खासदारांकडे जायला का कचरत होती? त्यांचे म्हणणे बरोबर होते का?
४. तुमच्या मतदारसंघाचे नाव काय? तुमचे खासदार कोण? वहीत लिहा.
५. तुमच्या गावची एक अडचण निवडा. ती कुणाकडे न्यावी, हे ठरवून चार ओळींचा अर्ज लिहा. खाली आपली सही करा.