मोटारीची श्वासनलिका

जुन्या मोटारीचें बॉनेट उघडून पाहिलें असतां, बोटाएवढ्या जाडीची एक काळी रबरी नळी इंजिनापासून हवा आंत घेण्याच्या मार्गाकडे गेलेली दिसते. मेकॅनिक तिला ब्रीदर पाइप म्हणतात. किंमतीनें ती क्षुल्लक. परंतु ती फुटली अथवा तुंबली, तर सबंध इंजिनास दुखणें जडतें. तें कसें, व त्यावर उपाय कोणता, याचा येथें विचार करूं.

सिलिंडरांत पेट्रोल जळून जो वायु उत्पन्न होतो, त्याचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खालीं क्रँककेसमध्यें उतरतो. त्याच्याबरोबर न जळलेलें पेट्रोल व पाण्याची वाफही जाते. हें सर्व तेथेंच कोंडून राहिलें, तर ऑइल बिघडून त्याचा चिखल बनतो आणि दाब वाढून तें सीलमधून बाहेर पडूं लागतें. पूर्वीं हा वायु एका उघड्या नळीनें रस्त्यावर सोडून देत. त्यानें हवा दूषित होते असें आढळल्यावर, कॅलिफोर्नियांत १९६१ च्या व सर्व अमेरिकेंत १९६३ च्या नव्या मोटारींपासून तो पुन्हा इंजिनांत ओढून जाळण्याची योजना रूढ झाली. त्या योजनेंतील वाट म्हणजेच ही नळी.

उष्णता व तेलाची वाफ यांमुळें रबर कालांतरानें कडक होऊन तडकतें. भेग बहुधा खालच्या अंगास किंवा क्लिपजवळ असते. म्हणून नुसतें वरून पाहून भागत नाहीं. भेगेंतून न गाळलेली हवा आंत शिरते. मग मंद चालीवर इंजिन अडखळतें व कधीं कधीं शीळही ऐकूं येते. मार्ग तुंबला आहे कीं काय, हें पाहण्याची एक साधी रीत आहे. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल घालण्याचें झाकण काढावें व त्या तोंडावर कागद धरावा. कागद हलकेच आंत ओढला गेला, तर मार्ग मोकळा. बाहेर ढकलला गेला, तर मार्ग तुंबलेला किंवा रिंगा झिजलेल्या समजाव्या. ही परीक्षा मोठ्या माणसांनींच करावी, आणि पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवावे.

येथें व्होल्वो २४० या गाडीचें उदाहरण बोधप्रद आहे. ही गाडी १९७४ पासून १९९३ पर्यंत तयार होत असे. तिच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनांत या मार्गावर फ्लेम ट्रॅप नांवाचा प्लॅस्टिकचा लहानसा भाग असतो. तो मळानें भरला कीं दाब वाढतो व इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल गळूं लागतें. तें सील बदलावयाचें, तर गिअरबॉक्स उतरावी लागते; फ्लेम ट्रॅप मात्र थोडक्या श्रमानें साफ होतो. मार्ग तसाच तुंबलेला ठेवून नवें सील घातलें, तर तेंही गळतें आणि खर्च व्यर्थ जातो.

आतां दुरुस्तीकडे वळूं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर क्लिप सैल करून नळी हलकेच पिळावी. हिसका देऊं नये, कारण ती ज्यावर बसते तें प्लॅस्टिकचें तोंड जुनेपणानें ठिसूळ झालेलें असतें. नळी सुटतच नसेल, तर तोंडास धक्का न लावतां ती लांबीनें चिरावी. दोन्ही तोंडें व पुढील मार्ग साफ करून मगच नवी नळी बसवावी. ती त्याच व्यासाची, तेल सोसणारी व आंतील ओढीनें न चेपणारी हवी. पाण्याची साधी नळी तेलानें फुगते. वळणदार नळीच्या जागीं सरळ नळी वांकवून घातली, तर ती मुडपून वाट बंद होते. क्लिप बेताचीच आवळावी. फुटक्या जागीं चिकटपट्टी गुंडाळणें हा उपाय नव्हे. तेलानें तिचा चिकटपणा लवकरच जातो. भेग अगदीं टोकाशीं असून नळी लांब असेल, तर तेवढें टोक कापून नळी पुन्हा बसवितां येते. सर्व झाल्यावर कागदाची परीक्षा पुन्हा घ्यावी.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, ऑइल गळतें म्हणून गाडी दुरुस्तीस नेली असतां, सील बदलण्यास संमति देण्यापूर्वीं, "ब्रीदरचा मार्ग पाहिला काय?" असें अवश्य विचारावें.