दूरस्थ पथकांचे एकत्र प्रशिक्षण : भोपाळचा धडा

माहिती असणे आणि ती वेळीच योग्य हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला, तेव्हा याचा दारुण प्रत्यय आला. हजारो रुग्ण दाखल होत असता वायू कोणता, हे डॉक्टरांना निश्चित ठाऊक नव्हते. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने धावू नये, ही साधी सूचनाही वस्त्यांपर्यंत पोहोचली नव्हती.

पुढे १९८९ च्या नियमांनी धोकादायक कारखान्यांसाठी आवाराच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही आपत्कालीन योजना आवश्यक ठरविल्या. १९९६ च्या नियमांनी राज्य, जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती-गट नेमण्याची तरतूद केली. परंतु निरनिराळ्या गावी काम करणारी ही पथके वारंवार एकत्र कशी आणावीत?

झाबुआचा अनुभव

मध्य प्रदेशातच याचे एक उत्तर आढळते. झाबुआ जिल्ह्यात १९९६ मध्ये उपग्रहाद्वारे विकास-संदेशाचा प्रकल्प सुरू झाला. १५० गावांत कार्यक्रम दिसत. १२ विकासखंड केंद्रांतून प्रशिक्षणार्थी तज्ज्ञांना प्रश्नही विचारू शकत. चित्र एका दिशेने जाई, आवाज मात्र दोन्ही दिशांनी.

नवे साधन

'ऑगमेंटेड रिअॅलिटी', म्हणजे वर्धित वास्तव, हे त्यापुढचे पाऊल होय. भ्रमणध्वनीचा कॅमेरा किंवा विशेष चष्मा समोरील जागेचा वेध घेतो आणि संगणक त्या दृश्यावर रेखाकृती बसवितो. मेज खरे, त्यावरील टाकी चित्ररूप. अनेक ठिकाणची साधने जाळ्याने जोडली, की एकाने केलेला बदल सर्वांना दिसतो.

उदाहरणार्थ, कारखाना, रुग्णालय व ग्रामपंचायत येथे एकाच वेळी तीच टाकी दिसेल. प्रशिक्षकाने वाऱ्याचा बाण फिरविताच वायूचा पट्टा तिन्ही मेजांवर सरकेल. कामगार झडप ओळखेल, डॉक्टर उपचाराची तयारी तपासतील, सरपंच सुरक्षित वाट निवडतील. अशा वेळी सरपंचांनी विचारावे, "अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कोण उचलणार?" या प्रश्नाचे उत्तर सरावातच मिळाले पाहिजे.

मर्यादा

या साधनास अखंड वीज व वेगवान जाळे लागते. संपर्क तुटल्यास दूरध्वनी वा बिनतारी संदेशावर सराव चालू ठेवण्याची सवय हवी. शिवाय चित्रात धूर झोंबत नाही, अंधारात मूल हरवत नाही. म्हणून प्रत्यक्ष रंगीत तालमीस पर्याय नाही. हे साधन तिची पूर्वतयारी होय.

यंत्र कोणतेही असो, कारखान्यातील ज्ञान शेजारच्या घरापर्यंत पोहोचले आणि त्या घराचा प्रश्न कारखान्यापर्यंत परत आला, तरच प्रशिक्षण पूर्ण झाले असे मानावे.