इंग्रजी शब्दबोध : आरंभ आणि स्थापना

‘सुरू करणे’ ह्या अर्थाचे इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत; परंतु ते एकमेकांच्या जागी सरसकट योजू नयेत, असे आम्ही वाचकांस सुचवितो.

‘बिगिन’ व ‘स्टार्ट’ म्हणजे आरंभ करणे. हे कोणत्याही कामास चालतात. ‘ओपन’ म्हणजे लोकांकरिता उघडणे. ‘फाउंड’ म्हणजे पाया घालणे. त्याचे भूतकाळी रूप ‘फाउंडेड’. ‘फाइंड’ म्हणजे सापडणे, त्याचे भूतकाळी रूप ‘फाउंड’ होते, ते निराळे. ‘एस्टॅब्लिश’ ह्यात स्थिरतेचा भाव आहे. आपल्या ‘स्थापणे’ ह्यातही ‘स्था’, म्हणजे उभे राहणे, हा धातू आहे.

पिंगुळीचे उदाहरण पाहा. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. श्री. परशुराम गंगावणे ह्यांनी २००६ साली आपल्या गोठ्यात तिचे संग्रहालय उभारले; २०२१ साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. संग्रहालयास ‘फाउंडेड’ शोभते. परंतु त्याच सालास धरून कलेस ‘बिगॅन’ लाविल्यास पूर्वजांचे श्रम पुसले जातील.

म्हणून अहवाल लिहिताना जपावे. कालच दिवा लाविलेल्या रात्रशाळेस ‘ओपन्ड’ लिहावे. ‘एस्टॅब्लिश्ड’ हा शब्द ती टिकेल त्या दिवसाकरिता राखून ठेवावा.