वाट चुकलेल्यांची राखण : शाळेचा वाटा

अल्लीपूर हे हिंगणघाट तालुक्यातील मोठे गाव. गावाबाहेर पडताच कपाशी-तुरीची शेते, विहिरी व नाले लागतात. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध किंवा स्वमग्न बालक नकळत घराबाहेर पडले, तर उभ्या पिकात ते क्षणात दृष्टीआड होते. अशा वेळी गावाला काय करावे हे आधीच ठाऊक असले पाहिजे, आणि ते शिकविण्याचे स्वाभाविक स्थान शाळा होय.

दोघांच्या भटकण्याची कारणे निराळी असतात. वृद्ध मनुष्य बहुधा निरुद्देश फिरत नसतो. तो पूर्वीचे घर, विकलेले शेत किंवा सुटलेले काम शोधीत असतो. म्हणून त्याच्या जुन्या वाटा आधी पाहाव्यात. स्वमग्न बालक गोंगाटापासून दूर पळते किंवा आवडत्या वस्तूकडे ओढले जाते. पाण्याचे आकर्षण अशा पुष्कळ मुलांना असते. म्हणून प्रथम विहीर, शेततळे व नाला पाहावा. हाक मारल्यावर ते ओ देईलच असे नाही.

जपानमधील ओमुता शहरात २००४ पासून रहिवासी अशा वृद्धाला ओळखून बोलते करण्याचा प्रत्यक्ष सराव करतात. तेथे शाळेतील मुलांनाही हा विषय शिकविला जातो.

अज्ञान व अफवा एकत्र आल्यास काय घडते, तेही विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार केले. गोंधळलेला, उत्तर न देणारा परका मनुष्य अशा संशयास सहज बळी पडू शकतो. त्याच वर्षी, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोहोचविण्याच्या कार्याबद्दल डॉ. भरत वटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावाने कोणता मार्ग धरावा, हे यावरून स्पष्ट व्हावे.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. अशा व्यक्तीस कोणी ‘येडा’ म्हणून चिडवू नये, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

२. अशी व्यक्ती एकटी दिसल्यास घेराव घालू नये. एकाने समोरून जाऊन हळू बोलावे, पाणी द्यावे, सावलीत बसवावे. दुसऱ्याने मोठ्या माणसास बोलवावे. मुलांकडून हा प्रसंग वर्गात करवून घ्यावा.

३. ११२ (पोलीस), १०९८ (बालक) व १४५६७ (ज्येष्ठ नागरिक) हे क्रमांक फळ्यावर कायम लिहावेत. भटकणाऱ्या मनोरुग्णास संरक्षण देणे हे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये पोलिसांचे कर्तव्यच आहे.

४. कुटुंबाच्या संमतीने अलीकडील छायाचित्र, घरचे लाडके नाव व आवडीची ठिकाणे नोंदवून ठेवावीत. कपड्याच्या आत दूरध्वनी क्रमांक शिवून घेण्यास सांगावे.

मनुष्य हरवल्याचे कळताच रात्रीपर्यंत वाट पाहू नये. पहिला तास सर्वांत मोलाचा असतो.