आजचा शब्द : ड्युप्लिसिटी



*अर्थ :* दुटप्पीपणा. आपण म्हणतो ना, ओठात एक, पोटात एक!

*मूळ :* लॅटिन 'ड्युप्लेक्स', म्हणजे दोन घड्यांचे. फ्रेंचमधून हा शब्द 15व्या शतकात इंग्रजीत आला. आपली डुप्लिकेट किल्ली आणि डुप्लेक्स बंगला याच घराण्यातले. 'सिम्पल' हाही याच कुळातला, पण एकाच घडीचा. म्हणजे साधेपणा आणि दुटप्पीपणा सख्खे शेजारी; फरक फक्त एका घडीचा.

*वापर :* नुसते खोटे बोलणे म्हणजे 'लाय'. ड्युप्लिसिटीत माणूस एकाला एक रूप दाखवतो, दुसऱ्याला दुसरेच. सुनेसमोर तिच्या पुरणपोळीची वाहवा आणि लेकीला फोनवर तिचीच नालस्ती, ही ड्युप्लिसिटी. मात्र जे म्हणायचे ते तिलाच गोड शब्दांत सांगितले, तर ती ड्युप्लिसिटी नव्हे, तो समजूतदारपणा. मुले घरात दोन्ही ऐकतात आणि तसेच शिकतात.

*आजचा अभ्यास :* कोणाबद्दल मेसेज लिहिलात, तर पाठवण्याआधी थांबा. त्याच माणसाने तो वाचला तर चालेल का? चालत असेल तरच पाठवा.