ऑक्सिजन लावलाय, पण सीटी स्कॅन कधी?

चहा पिता पिता सासऱ्यांच्या हातातली बशी कलंडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि जीभ जड झाली. जवळच्या नर्सिंग होममध्ये त्यांना लगेच खाटेवर घेऊन मास्क चढवला. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येऊ लागले तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मास्क लावायच्या आधीच बोटावरचं यंत्र ९७ दाखवत होतं, हे फक्त माझ्या नणंदेनं पाहिलं. तिनं विचारलं तर उत्तर आलं, ‘‘अहो ताई, मेंदूला ऑक्सिजन मिळतोय, अजून काय हवं?’’ तिथे सीटी स्कॅनची सोयच नव्हती, पण हे आपणहून कुणी सांगितलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

लकव्याचे बहुतेक झटके मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्यामुळे येतात. रक्तात प्राणवायू पुरेसा असतो, पण ते रक्तच पुढे सरकत नाही. ब्रिटनमध्ये ८००३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. अंगात ऑक्सिजन पुरेसा असताना सरसकट नळी लावलेल्यांना तीन महिन्यांनंतरही काही जास्त फायदा झालेला नव्हता. पातळी खाली गेली, ९४ च्या वर टिकेना, तर ऑक्सिजन हवाच. त्याबद्दल वाद नाही. अडलेली गुठळी कॅथेटरनं काढताना जास्त ऑक्सिजन दिल्यास फायदा होतो का, यावर चीनमध्ये काम झालंय आणि काही निकाल आशादायकही आहेत. पण तिथेही मुख्य काम वाट मोकळी करण्याचंच.

म्हणून दारातच विचारा: सीटी आत्ता, या क्षणी होईल का? गुठळीचं इंजेक्शन इथे देतात का? नसेल तर १०८ ला फोन करून थेट तशी सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची, आणि ती मोजायची माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. सकाळी उठतानाच हात लुळा असेल, तर रात्री कधी झोपले ते आठवून सांगा. मात्र मुदत गेली असं घरीच ठरवू नका; निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंतही काढता येते. तोवर तोंडात पाणी, चहा, ॲस्पिरिन काहीही घालू नका. गिळता येत नसेल तर ठसका लागतो, आणि झटका रक्तस्रावाचा असेल तर ॲस्पिरिन घातक.

पुढे घरी आल्यावर आणखी काही मंडळी गाठ घेतात. दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या चेंबरमध्ये बसवा, झोपलेल्या पेशी जाग्या होतील म्हणे, आणि वर पॅकेजवर सूट! पाणबुड्यांच्या त्रासावर किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेवर तो उपचार खरा आहे. लकव्यात मात्र त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. आम्ही ते पैसे फिजिओथेरपीला लावले. सासरे आता डाव्या हातानं शर्टाची बटणं लावतात, वेळ लागतो, पण लावतात.

आपल्या भागात रात्री दोन वाजता सीटी आणि इंजेक्शन कुठे मिळतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा.