नवा लॅपटॉप आणि फॉरमॅटची घाई

चि. सोनू,


काल ताईचा फोन आला होता. नवा लॅपटॉप मिळाला, आणि होस्टेलवरचा कुणी सीनियर पेन ड्राइव्ह आणून तो ‘फॉरमॅट मारून’ देणार आहे, असं ती म्हणाली. तेवढं आज थांबव.

अशा पेन ड्राइव्हवरची विंडोज बहुतेक वेळा क्रॅकची असते. तुझ्या विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच गेलेत. तिची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये साठवलेली आहे. घरात भरलेली घागर असताना डबक्यातलं पाणी कशाला आणायचं? क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यावरूनच काय ते ओळख.

पण कंपनीने आधीच टाकलेल्या प्रोग्रामांबद्दल त्या मुलाला शंका असेल, तर ती अगदीच खोटी नाही. २०१४ च्या शेवटाकडे लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचा प्रोग्राम कंपनीतूनच टाकलेला येत होता. जाहिराती दाखवण्यासाठी तो स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवायचा, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या मशीनवर एकच. ती फुटल्यावर कुणीही बँकेची खोटी साइट खरी म्हणून दाखवू शकत होतं. प्रोग्राम काढला तरी प्रमाणपत्र मागे राहायचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला, तेव्हा कंपनीने ते काढायचं साधन दिलं. त्यामुळे कोरी विंडोज टाकणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही.

तुला मात्र माझा सल्ला ‘नको’ असाच आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन ट्रायलचा अँटिव्हायरस आणि नको ते गेम काढून टाक. विंडोजचा डिफेंडर आपोआप सुरू होतो. सगळे अपडेट होऊ दे. बॅटरी आणि बायोस सांभाळणारं कंपनीचं ॲप तेवढं ठेव. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

एवढं करूनही मन मानत नसेल, तर लॅपटॉप रिकामा आहे तोवरच, लेक्चर सुरू व्हायच्या आत फॉरमॅट कर. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घे आणि मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून विंडोज उतरव. लॅपटॉपमधलं ‘रिसेट’ वापरलंस तर बऱ्याचदा कंपनीचा कचरा परत येतो. वायफायचा ड्रायव्हर आधीच त्या पेन ड्राइव्हवर टाक, कारण विंडोज ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागते आणि ड्रायव्हर नसला तर वायफाय दिसतच नाही. काही इंटेल मशीनवर एसएसडीसुद्धा दिसत नाही; ती बिघडलेली नसते, स्टोरेजचा ड्रायव्हर दिला की दिसते. सोबत ऑफिस आलं असेल तर ते आधी स्वतःच्या खात्यावर ॲक्टिव्हेट करून घे.

आता जे खरं सांगायचंय ते. फॉरमॅट कर किंवा नको करूस, पण हे चुकवू नकोस.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका माझ्या दुकानात आल्या होत्या. मी त्यांच्या लॅपटॉपचं बायोस अपडेट केलं. चालू केला तर निळा पडदा: ४८ आकडी रिकव्हरी की द्या. आजकाल मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर ड्राइव्ह न विचारताच कुलूपबंद होते, आणि की त्या खात्यात जाऊन बसते. बाईंचं खातं खरेदीच्या वेळी दुसऱ्याच कुणी उघडून दिलं होतं. कुठल्या ई-मेलवर, ते त्यांना ठाऊक नव्हतं. नातवाच्या बारशाचे सगळे फोटो गेले. बाई काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसत बसल्या. अपडेटला हात लावण्याआधी मी विचारायला हवं होतं. ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून खातं तुझ्याच ई-मेलवर, तुझ्याच हाताने उघड. त्या कुलपाची ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ त्या खात्यात शोध, सहा-सहा आकड्यांचे आठ गट वहीत उतरव, दोनदा ताडून बघ. लॅपटॉपवरच फाइल करून ठेवू नकोस. एक प्रत ताईकडे दे, ती लॅपटॉपच्या बिलासोबत कपाटात ठेवेल.

तुझा,
मामा